२५१ निखर्वांश: म्युऑनच्या चुंबकीय परिबलातला फरक आणि त्यात बसवलेले नवे कण

७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतल्या फर्मीलॅबने म्युऑनच्या चुंबकीय परिबलाचा पहिला निकाल जाहीर केला. ब्रुकहेवन या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेचे जुने मोजमाप त्यात मिळवल्यावर प्रयोग आणि स्टँडर्ड मॉडेल (कणांचा आजचा मान्य सिद्धांत) यांत ४.२ सिग्मांचा, म्हणजे अनिश्चिततेच्या ४.२ पट, फरक निघाला. कणभौतिकीत शोध लागला म्हणायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे उंबरठा फार दूर नव्हता. पुढची चार वर्षे या फरकात कोणता नवा कण बसतो, याची आकडेमोड जोरात चालली. ३ जून २०२५ ला फर्मीलॅबचा अंतिम निकाल आला. मोजलेला आकडा जवळपास होता तिथेच होता, फरक मात्र ०.६ सिग्मांवर उतरला होता. मधल्या काळात काय काय झाले, आणि नवा कण 'बसवणे' म्हणजे नेमके काय करणे, याचा हा तपशील.

आधी एकक

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊ. स्वतःभोवती फिरणाऱ्या (या फिरण्याला स्पिन म्हणतात) भारित कणाला छोट्या चुंबकासारखे परिबल असते, आणि त्याची ताकद 'जी' या अंकाने सांगतात. डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणानुसार जी नेमका २. प्रत्यक्षात तो किंचित जास्त भरतो, कारण म्युऑन सतत आभासी कण सोडतो आणि परत गिळतो. हा वाढावा पहिल्यांदा १९४८ मध्ये श्विंगरने काढला. वाढाव्याच्या निम्म्यासाठी त्याचे उत्तर होते अल्फा (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा स्थिरांक) भागिले दोन पाय, म्हणजे सुमारे ०.००११६. जीमधून २ वजा करून उरलेल्याचे अर्धे केले की मिळते ती 'विसंगती'. फरक हिच्यात शोधायचा.

हे आकडे दशांश चिन्हामागे अकराव्या घरापर्यंत जातात. तेव्हा एकं-दहं-शतंच्या पाढ्यातल्या वरच्या पायऱ्या कामाला आणू. अब्ज, खर्व, निखर्व. निखर्व म्हणजे १ वर ११ शून्ये. एक निखर्वांश हे एकक धरले की हिशेब जवळजवळ पूर्णांकांत येतो. २०२१ चा हिशेब असा:

क्वांटम विद्युतगतिकी: ११,६५,८४,७१८.९ ± ०.१
डब्ल्यू, झेड आणि हिग्ज या कणांचा वाटा: १५३.६ ± १
हॅड्रॉनी निर्वात ध्रुवण (क्वार्कांपासून बनलेल्या आभासी कणांचा, म्हणजे हॅड्रॉनांचा, वाटा): ६,८४५ ± ४०
हॅड्रॉनांमार्फत प्रकाशाचे प्रकाशावर प्रकीर्णन: ९२ ± १८
सिद्धांताची बेरीज: ११,६५,९१,८१० ± ४३
प्रयोग: ११,६५,९२,०६१ ± ४१
फरक: २५१ ± ५९

पहिल्या ओळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पाचव्या पायरीला १२,६७२ फाइनमन आकृत्या (कणांच्या संभाव्य देवाणघेवाणींची चित्रे) लागतात आणि त्या मोजून झाल्या आहेत. खरी मेख दुसऱ्या ओळीत आहे. डब्ल्यू, झेड आणि हिग्ज यांनी मिळून दिलेला वाटा जेमतेम १५४ आणि भरून काढायचे आहेत २५१. म्हणजे जो कोणी नवा कण आणायचा, त्याने या तिघांच्या एकत्रित वाट्यापेक्षाही जास्त काम करायला हवे, आणि तरीही लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर तो दिसता कामा नये. नव्या भौतिकीच्या प्रत्येक मांडणीची दमछाक इथेच होते.

मोजमापात चूक असेल का?

कुठलाही नवा कण आणण्याआधी हा प्रश्न विचारावाच लागतो. प्रयोगाचे कडे ७.११ मीटर त्रिज्येचे, आत १.४५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र. हेच कडे आधी ब्रुकहेवनमध्ये होते. त्याच्या अतिसंवाहक तारांची वेटोळी सलग गुंडाळलेली असल्यामुळे ती सुटी करता येत नव्हती. म्हणून २०१३ च्या उन्हाळ्यात ती अखंड उचलली, बार्जवर चढवली, फ्लोरिडाला वळसा घालून मिसिसिपीच्या मार्गाने वर आणली आणि रात्री रस्ते बंद करून इलिनॉयमध्ये पोचवली. प्रवास सुमारे ५,००० किलोमीटरचा. वाटेत वेटोळे काही मिलिमीटर जरी पिळले असते तरी ते निकामी झाले असते.

कड्यात म्युऑन ३.०९४ जीईव्ही (कणांची ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांचे एकक; १ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही) संवेगाने सोडतात, कमी नाही आणि जास्त नाही. किरणशलाका उभ्या दिशेने एकवटून ठेवायला विद्युतक्षेत्र लागते, आणि नेमक्या याच संवेगाला त्या विद्युतक्षेत्राचा स्पिनवरचा परिणाम शून्य होतो. एक फेरी १४९ नॅनोसेकंदांची. दर फेरीत म्युऑनचा स्पिन त्याच्या धावण्याच्या दिशेपेक्षा सुमारे १२.३ अंश पुढे सरकतो, म्हणून २९ फेऱ्यांच्या थोडे वर, ४.३७ मायक्रोसेकंदांत, तो एक पूर्ण चक्कर जास्त मारतो. जी नेमका २ असता तर स्पिन आणि दिशा कायम एकत्र राहिले असते. म्हणजे २ वजा करण्याचे काम कडेच करून देते, आणि एवढी अचूकता मिळते ती त्यामुळेच.

स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, या वेगाला मात्र ६४. धावत्या जड इलेक्ट्रॉनचे आयुष्य सापेक्षतेनुसार वाढलेले दिसेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहून ठेवले होते. म्युऑन मरताना पॉझिट्रॉन सोडतो, आणि जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन स्पिनच्या दिशेने जास्त निघतात. कड्याच्या आतल्या बाजूला २४ कॅलोरीमीटर आहेत, प्रत्येकात लेड फ्लुओराइडचे ५४ स्फटिक. १.७ जीईव्हीच्या वरचे पॉझिट्रॉन मोजले की आलेख घसरत्या लाटेसारखा दिसतो. लाटेचा आवर्तकाल ४.३७ मायक्रोसेकंद, घसरण ६४ मायक्रोसेकंदांची. चुंबकीय क्षेत्रासाठी ३७८ स्थिर प्रोब, आणि दर काही दिवसांनी म्युऑनच्याच वाटेने फिरवायची १७ प्रोबची ट्रॉली. ट्रॉलीच्या प्रोबमध्ये भरलेला पदार्थ म्हणजे साधी पेट्रोलियम जेली. तिच्यातले प्रोटॉन किती वेगाने डुलतात त्यावरून क्षेत्र कळते.

काही बिघडलेही. पहिल्या फेरीच्या विदेत विद्युत चतुर्ध्रुवांच्या (शलाका एकवटणारे विद्युतक्षेत्र देणाऱ्या साधनांच्या) ३२ उच्चदाब रोधकांपैकी २ नादुरुस्त निघाले. त्यामुळे ठरावीक व्होल्टेज यायला वेळ लागे आणि प्रत्येक भरण्याच्या सुरुवातीला शलाका हळूहळू सरकत राही. कॅलोरीमीटरला दिसणारा पॉझिट्रॉन शलाकेत कुठून निघाला यावर त्याची कला, म्हणजे लाटेतली जागा, ठरते. शलाका सरकली की कला सरकते, आणि सरकती कला वारंवारतेतल्या बदलासारखी दिसते. हा फसवा भाग दुरुस्तीने काढावा लागला. पुढच्या फेऱ्यांसाठी रोधक बदलले आणि चुंबकाला उष्णतारोधक आवरण घातले, कारण हॉलचे तापमान चढले-उतरले की क्षेत्रही हलत होते.

पूर्वग्रहाचा बंदोबस्त घड्याळात होता. त्याची खरी वारंवारता प्रयोगाबाहेरच्या दोघांनाच माहीत. विश्लेषण पूर्ण झाल्यावरच ती उघडायची. फर्मीलॅबचे उत्तर ब्रुकहेवनच्या २००६ च्या अंतिम आकड्याशी जुळले, आणि प्रयोगातच खोट असल्याची शक्यता जवळजवळ मिटली.

नवा कण बसवायचा तर

साध्या हिशेबाला एक सूत्र पुरते. नव्या जड कणाचा वाटा म्हणजे म्युऑनचे वस्तुमान भागिले नव्या कणाचे वस्तुमान, या भागाकाराचा वर्ग, गुणिले एक गुणांक. तोच नवा कण म्युऑनच्या वस्तुमानात त्याच्या किती पट भर घालतो, तेवढा साधारण हा गुणांक असतो. गुणांक १ धरला तर २५१ साठी नव्या कणाचे वस्तुमान सुमारे २,१०० जीईव्ही येते. नेहमीच्या विद्युत-दुर्बल जोडणीइतका, म्हणजे हजारात दोन-तीन धरला, तर १०० जीईव्हीच्या आसपास. तेवढ्या वस्तुमानाचे भारित कण कोलायडरांनी केव्हाच पाहायला हवे होते. मग वाटा उरतात दोनच: कण हलका आणि लाजाळू माना, नाही तर गुणांक फुगवा.

हलक्या कणांत पहिला उमेदवार डार्क फोटॉन. फोटॉनसारखाच, पण इलेक्ट्रॉन-म्युऑनशी त्याची जोडणी विद्युतभाराच्या काही हजारांश. श्विंगरच्याच सूत्रात ती घातली तर २५१ साठी सुमारे ०.००१५ लागते. मांडणी सुबक, पण जो कण म्युऑनशी बोलतो तो इलेक्ट्रॉनशीही तितकेच बोलणार. स्टॅनफर्डच्या बाबार प्रयोगाने २०१४ मध्ये आणि सर्नच्या एनए४८/२ प्रयोगाने २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांत त्याला शोधले आणि ही खिडकी बंद केली. अदृश्य कणांत विघटन पावणारा डार्क फोटॉनही पुढे एनए६४ आणि बाबार यांनी बाद केला.

यावर उपाय म्हणून इलेक्ट्रॉनला हातच लावायचा नाही, असा कण निवडला गेला. म्युऑनला या नव्या बलाचा अधिक एक भार, टाऊला (म्युऑनचा आणखी जड भाऊ) उणे एक, इलेक्ट्रॉनला शून्य. जोडणी ०.०००५ च्या घरात. तरी एक शेजारी उरतोच, तो म्हणजे म्युऑन-न्यूट्रिनो. न्यूट्रिनो अणुकेंद्रकाजवळून जाताना म्युऑनांची जोडी निर्माण करतो ही दुर्मिळ घटना सीसीएफआर प्रयोगाने मोजली होती. तिच्यामुळे सुमारे ४०० एमईव्हीच्या वरचा भाग गेला. म्युऑन-जोडीत तुटू शकणाऱ्या कणाला बाबारने पकडले असते, म्हणून २१० एमईव्हीच्या वर जायची सोय राहिली नाही. काही एमईव्हीच्या खाली गेले तर विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या न्यूट्रिनोंचा हिशेब बिघडतो. उरली साधारण १० ते २०० एमईव्हीची फट. २०२१ मध्ये कमीत कमी सामान घेऊन तग धरून असलेले मॉडेल म्हणावे तर हेच.

दुसरी वाट गुणांक फुगवण्याची. परिबलाच्या आकृतीत म्युऑनचा डावा-उजवा हात (स्पिन धावण्याच्या दिशेने की उलट) बदलावा लागतो, आणि स्टँडर्ड मॉडेलमध्ये हा बदल म्युऑनच्या स्वतःच्या लहानशा वस्तुमानामुळे घडतो. तोच बदल आकृतीच्या आतल्या जड कणाकडून करून घेतला तर वाटा कित्येक पट वाढतो. सुपरसिमेट्रीत, म्हणजे प्रत्येक कणाला एक जड जोडीदार (सुपरकण) मानणाऱ्या मांडणीत, ही वाढ टॅन बीटा या गुणोत्तरातून येते. ढोबळ सूत्र असे: १३० गुणिले टॅन बीटा, गुणिले (१०० जीईव्ही भागिले सुपरकणांचे वस्तुमान) याचा वर्ग. टॅन बीटा ४० धरला तर २५१ साठी वस्तुमान ४५५ जीईव्ही. १० धरला तर २२८. त्या वस्तुमानाचे रंगभारित (क्वार्कांसारखे तीव्र बल जाणवणारे) कण कोलायडरने नाकारले होतेच, म्हणून फक्त स्म्युऑन आणि चार्जिनो हे दोन प्रकारचे सुपरकण हलके, बाकी सगळे जड, अशी मोडतोड करावी लागली. हिशेब बसतो, पण ज्या सौंदर्यासाठी सुपरसिमेट्री आणली ते निम्मे त्यात जाते.

लेप्टोक्वार्कची गोष्ट जास्त रंजक आहे. म्युऑन थेट टॉप क्वार्कशी जोडणारा हा कण. टॉप १७३ जीईव्हीचा, म्हणजे म्युऑनच्या १,६०० पटींहून जड; हात बदलायला तो उभा राहिला की २,००० जीईव्हीचा लेप्टोक्वार्कसुद्धा पुरतो. डाव्या आणि उजव्या जोडण्यांचा गुणाकार ०.०१ च्या घरात असला की झाले. कोलायडरच्या मर्यादाही सांभाळल्या जातात. किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. वर म्हटलेला गुणांक इथे १ च्या जवळ येतो. म्हणजे तोच लेप्टोक्वार्क म्युऑनच्या वस्तुमानाला म्युऑनच्या वस्तुमानाएवढीच दुरुस्ती देतो, आणि म्युऑनचे १०५.७ एमईव्ही हे दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून योगायोगाने उरलेले मानावे लागते. दुसरे असे की त्याची इलेक्ट्रॉनशी जराशी जरी जोडणी असली तरी म्युऑन इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांत तुटू लागेल. स्वित्झर्लंडमधल्या मेग प्रयोगाने २०१६ मध्ये दाखवले की १० लाख कोटी म्युऑनांत असे जास्तीत जास्त ४.२ तुटत असतील. त्यामुळे इलेक्ट्रॉनशी जोडणी जवळजवळ शून्य ठेवायची, आणि ती शून्य का, हे मात्र मॉडेल सांगत नाही.

इलेक्ट्रॉनच्या परिबलाने हा वाद सुटला नसता का, असा प्रश्न हमखास येतो. वस्तुमानांच्या वर्गाच्या प्रमाणात वाटा कमी होतो, म्हणून म्युऑनचे २५१ इलेक्ट्रॉनमध्ये ०.००६ निखर्वांश होतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२३ च्या मोजमापाची अनिश्चितता ०.०१३ होती, म्हणजे ते दुप्पट अंतरावर येऊन थांबले. अडचण वेगळीच निघाली. सिद्धांताला अल्फा लागतो, आणि बर्कलेचा सीझियमवरून काढलेला (२०१८) आणि पॅरिसचा रुबिडियमवरून काढलेला (२०२०) अल्फा एकमेकांशी जुळत नाहीत. त्या दोघांतली तफावत इलेक्ट्रॉनच्या विसंगतीत ०.१४ निखर्वांशांएवढी होते. शोधायच्या गोष्टीच्या वीसपटींहून जास्त.

तिसऱ्या ओळीकडे

नवे कण बसवणाऱ्या बहुतेकांनी २५१ ± ५९ हा आकडा दिलेला म्हणून घेतला. पण २५१ म्हणजे हॅड्रॉनी निर्वात ध्रुवणाचे ३.७ टक्के. ती एक ओळ साडेतीन टक्क्यांनी चुकली असेल तर नव्या कणाची गरजच उरत नाही. तिची सांगितलेली अनिश्चितता होती ०.६ टक्के.

ही ओळ कागदावर सुटत नाही, कारण कमी ऊर्जेला क्वार्कांमधले बल फार मोठे असते. २०२० पर्यंतची रीत अशी: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळवायचे, त्यातून हॅड्रॉन किती निघतात ते प्रत्येक ऊर्जेला मोजायचे, आणि कमी ऊर्जेला जास्त वजन देऊन सगळ्याचे एकत्रीकरण करायचे. जवळपास तीन चतुर्थांश वाटा दोन पायॉनांच्या (सर्वांत हलक्या हॅड्रॉनांच्या) घटनांचा, आणि त्याचे शिखर ७७० एमईव्हीच्या रो कणापाशी. या ६०० ते ८८० एमईव्हीच्या पट्ट्यात तीन प्रयोगांनी दिलेला वाटा पाहा. इटलीतला क्लोई: ३,६०६ ± २१. स्टॅनफर्डचा बाबार: ३,७०१ ± २७. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला नोवोसिबिर्स्कचा सीएमडी-३: ३,७९३ ± ३०. क्लोई आणि सीएमडी-३ यांच्यातच १८७ चे अंतर आहे.

क्लोई आणि बाबार यांतले न जुळणे आधीपासून माहीत होते. २०२० च्या सरासरीत त्यासाठी अनिश्चितता थोडी फुगवली होती, इतकेच. या मोजमापांतली कळीची जागा म्हणजे दुरुस्त्या. टकरीआधीच इलेक्ट्रॉन एखादा फोटॉन फेकतो, कधी दोन, आणि ते गणिती प्रतिकृतीतून वजा करावे लागतात. क्लोई आणि बाबार तर हा फेकलेला फोटॉनच वापरून ऊर्जा बदलतात. सीएमडी-३ शलाकेची ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलतो. त्याच्या शोधकात पायॉन, म्युऑन आणि परत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच निघणाऱ्या घटना शेजारी शेजारी पडतात. त्यातल्या शेवटच्या प्रकाराला भाभा प्रकीर्णन म्हणतात, आणि मापाचा गज म्हणून तेच वापरतात. मुंबईत १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणाऱ्या भाभांचे नाव या प्रकरणात दोन टोकांना येते ते असे.

दुसरी रीत म्हणजे लॅटिस: अवकाश-काळाची जाळी करून महासंगणकावर थेट गणन. बीएमडब्ल्यू या संशोधकांच्या गटाने ७,०७५ ± ५५ असे उत्तर काढले. ते प्रसिद्ध झाले नेमके ७ एप्रिल २०२१ रोजी, फर्मीलॅबच्याच दिवशी. जुन्या रीतीचे समतुल्य उत्तर, म्हणजे वरच्या ६,८४५ मध्ये धरलेल्या पुढच्या पायऱ्यांच्या दुरुस्त्यांआधीचे, होते ६,९३१ ± ४०. बीएमडब्ल्यूचे धरले तर ४.२ सिग्मांचे दीडच उरत होते. पण एकाच गटाचे गणन म्हणून ते तेव्हा बाजूला ठेवले गेले, आणि त्या क्षणी ते योग्यही होते. लॅटिसमध्ये लहान काळाला जाळीची भोके त्रास देतात, मोठ्या काळाला संख्याशास्त्रीय गोंगाट. म्हणून अनेक गटांनी मधला स्वच्छ पट्टा तेवढा वेगळा काढून मोजला, आणि २०२२-२३ पर्यंत तिथे सगळ्यांचे एकमत झाले. जुनी रीत त्या पट्ट्यात स्पष्टपणे कमी पडत होती.

असे आधीही झाले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रुकहेवनने २.६ सिग्मांचा फरक जाहीर केला आणि सुपरसिमेट्रीच्या निबंधांचा पूर आला. त्याच वर्षअखेर नेख्त आणि निफेलर या सिद्धांतकारांनी दाखवले की प्रकाश-प्रकाश प्रकीर्णनातल्या मुख्य वाट्याचे चिन्हच उलटे होते. अधिकच्या जागी उणे. फरक १.६ वर आला.

२५१ कुठे गेले

२०२५ च्या सिद्धांताच्या आढाव्यात निर्वात ध्रुवणाची मुख्य संख्या लॅटिसवरून घेतली: ७,१३२ ± ६१. टकरींवरून आलेले आकडे एकमेकांशी इतके भांडत होते की त्यांची सरासरीच दिली नाही. बेरीज झाली ११,६५,९२,०३३ ± ६२. प्रयोगाची जागतिक सरासरी ११,६५,९२,०७१.५ ± १४.५. हिशेब जुळवून पाहता येतो: २५१ मधले २०१ निर्वात ध्रुवणाने खाल्ले, २३ च्या आसपास प्रकाश-प्रकाश प्रकीर्णनाने (९२ चे ११५.५ झाले), आणि प्रयोग १० ने वर गेला. उरले ३८ ± ६३.

मॉडेल हाताशी असेल तर त्यातला २५१ काढून हा आकडा घालायला हवा. दोन सिग्मांच्या आत नव्या कणाचा वाटा उणे ८८ ते अधिक १६४ असू शकतो. म्हणजे टॅन बीटा ४० आणि ४५५ जीईव्हीचे सुपरकण, जे २०२१ मध्ये फरक भरून काढत होते, तेच आता ३.४ सिग्मांनी जास्त देतात आणि बाद होतात. त्याच टॅन बीटाला ९०० जीईव्हीचे चालतील. वाटा ६४ च्या घरात. हलक्या म्युऑन-टाऊ कणाला फट उरली आहे, फक्त जोडणी आधीपेक्षा कमी धरावी लागते. गल्लत होते ती ३८ लाच भरून काढायचा फरक समजण्यात. ती आता मर्यादा आहे, आणि तिची रुंदी प्रयोगाच्या १५ ने ठरत नाही, सिद्धांताच्या ६२ ने ठरते.

त्या ६२ वर दोन बाजूंनी काम चालू आहे. क्लोई आणि सीएमडी-३ यांत चूक कुणाची, हे फोटॉनांच्या दुरुस्त्या तपासून ठरायचे आहे. सर्नच्या म्यूऑन-ई प्रयोगात जवळपास १६० जीईव्हीचे म्युऑन पातळ पत्र्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून तेच निर्वात ध्रुवण तिसऱ्याच मार्गाने मोजायचे आहे. तिथे पायॉन मोजावेच लागत नाहीत, पण विचलनाचे कोन फार बारकाईने मापावे लागतात. जपानच्या जे-पार्कमधला प्रयोग परिबलाचेच मोजमाप वेगळ्या तऱ्हेने करणार आहे. तिथे म्युऑन आधी जवळजवळ थांबवून पुन्हा ०.३ जीईव्हीपर्यंत वेग द्यायचा, म्हणजे एकवटायला विद्युतक्षेत्र लागत नाही आणि ३.०९४ चे बंधनही सुटते. त्याचे कडे ३ टेस्लाच्या, एमआरआयसारख्या चुंबकात बसते. व्यास ६६ सेंटिमीटर.